'क्लास' : एका इंग्रजी शब्दाचे आपल्याकडचे अर्थ

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. प्रथम वर्षाच्या मुलांकडून ग्रंथालयाच्या ओळखपत्राचे अर्ज भरून घेणे चालले होते. अर्ज इंग्रजीत छापलेला. नाव, पत्ता, 'क्लास', हजेरी क्रमांक असे चार-सहा रकाने. त्यातला एक अर्ज घेऊन लिपिक माझ्याकडे आले आणि त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवले. 'क्लास' या शब्दापुढे एका मुलाने 'एस. सी.' असे लिहिले होते. "मॅडम, यांना क्लास आणि कास्ट यातला फरक समजत नाही, आणि हे बी. ए. करायला निघालेत," असे म्हणून ते हसले. खोलीतले आणखी दोघे हसले.

मी त्या मुलाला बोलावून घेतले. आईबाप ऊसतोडीला जाणारे. घरातला हाच पहिला कॉलेजात आलेला. तो दारातच उभा राहिला. "इथं एस. सी. का लिहिलंस?" असे विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, मी बी. सी. होस्टेलला राहतो. बी. सी. म्हणजे बॅकवर्ड क्लास. मला वाटलं, हेच विचारायलेत." मी त्याला सांगितले की येथे क्लास म्हणजे इयत्ता, 'बी. ए. प्रथम वर्ष' असे लिही. त्याने आधीचे खोडून तसे लिहिले. जाता जाता वळून विचारले, "मग मॅडम, बी. सी. मधला क्लास कोणता?"

त्या वेळी घंटा झाली होती आणि माझ्याजवळ दोन वाक्यांत सांगता येईल असे उत्तरही नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा सावकाश दिलेले उत्तर आहे. लिपिकांना जी चूक हास्यास्पद वाटली, तिच्यावर आपल्या संविधान सभेने, संसदेने आणि सर्वोच्च न्यायालयाने कित्येक दिवस खर्च केलेले आहेत. तेव्हा ही चूक कोणाची, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्या रोजच्या बोलण्यातला 'क्लास' पाहू. इंग्रजीचे एक वाक्यही ज्याला बोलता येत नाही, असा माणूसदेखील हा शब्द दिवसातून चार वेळा वापरतो. मूल दहावीला गेले की आपण त्याला 'क्लास लावतो'. साहेबाने शिपायाला फैलावर घेतले की 'साहेबांनी त्याचा क्लास घेतला' असे म्हणतो. चहा चांगला झाला की 'फर्स्टक्लास'. न पटलेला सिनेमा आणि न पटलेला माणूस, दोघेही 'थर्डक्लास'. उपजिल्हाधिकारी 'क्लास वन', शिपाई 'क्लास फोर'. रेल्वेत 'स्लीपर क्लास', शहरात 'मिडल क्लास', मोर्चात 'वर्किंग क्लास', वसतिगृहात 'बॅकवर्ड क्लास'. एखादी साडी नुसतीच 'क्लास' दिसते.

मराठीने या एका शब्दासाठी निदान सात शब्द वापरले आहेत : इयत्ता, तास, वर्ग, दर्जा, श्रेणी, गट आणि अभिजात. प्रत्येकाचा भाव वेगळा आहे. 'वर्ग' हा शब्द व्याकरणात फार जुना आहे. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग असे आपण पाटीवर शिकलो. उच्चाराचे स्थान एक म्हणून क, ख, ग, घ एकत्र आले; त्यांत क हा घपेक्षा थोर आणि पवर्ग हा कवर्गापेक्षा हीन असे कोणी मानत नाही. म्हणजे मुळात 'वर्ग' या शब्दात सारखेपणा आहे, चढउतार नाही. 'दर्जा' आणि 'श्रेणी' या शब्दांत मात्र चढउतार आहे. इंग्रजी 'क्लास' या दोन्ही गोष्टी एकदम सांगतो : सारख्यांना एकत्र करणे आणि एकत्र केलेल्यांना वर-खाली लावणे. आपल्याकडे सारा घोटाळा येथून सुरू होतो.

हा चढउतार त्या शब्दात जन्मापासून आहे. 'क्लास' हा शब्द लॅटिनमधील 'क्लासिस' या शब्दावरून आला. रोमन परंपरा असे सांगते की सर्व्हियस तुलियस या राजाने इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात नागरिकांची गणना केली आणि मालमत्तेप्रमाणे त्यांचे पाच वर्ग पाडले. कोणी कोणती शस्त्रे घेऊन सैन्यात यायचे आणि सभेत मत कोणत्या क्रमाने द्यायचे, हे त्या वर्गावरून ठरे. सभेत एकूण १९३ मतगट असत. त्यांपैकी घोडेस्वार आणि पहिला वर्ग यांचे मिळून ९८. त्यांचे एकमत झाले की निर्णय लागला. खालच्यांना विचारण्याची पाळीच येत नसे. पाचही वर्गांच्या खाली ज्यांच्याजवळ मालमत्ताच नाही असे लोक होते. राज्याला देण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे त्यांची पोरेबाळे. म्हणून त्यांना 'प्रोलेतारी', म्हणजे अपत्यवाले, असे म्हणत. त्या सगळ्यांना मिळून एक मतगट. पुढे कार्ल मार्क्सच्या लेखनातून जगभर गेलेला 'प्रोलेटेरिएट' हा शब्द तो हाच.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी याच्या पुढची गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या वर्गातल्या माणसाला रोममध्ये 'क्लासिकुस' म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या लेखकाने फ्रोंटो या वक्त्याच्या तोंडी एक भेद घातला आहे : भाषेच्या बाबतीत प्रमाण मानावा तो 'क्लासिकुस' लेखक, 'प्रोलेतारी' लेखक नव्हे. म्हणजे धनवानाला लावायचे विशेषण ग्रंथकाराला लावले गेले. 'क्लासिक' या शब्दाचा उगम हा असा आहे. कोणाची भाषा प्रमाण आणि कोणाची नाही, हे ठरवताना दोन हजार वर्षांपूर्वीही करपट्टीच हातात घेतली होती. दलित साहित्याच्या भाषेला नाके मुरडणाऱ्यांशी वाद घालताना ही हकीकत आपल्या उपयोगी पडावी.

आता 'क्लासिक'ला मराठीने कोणता शब्द दिला ते पाहा. 'अभिजात'. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. ज्या 'जन्' धातूपासून 'जन्म' आणि 'जाती' हे शब्द झाले, त्याच धातूचा हा शब्द. रोमन शब्दाची मोजपट्टी मालमत्तेची होती. मराठीत येताना ती जन्माची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृत या भाषांनाही तो मिळाला. बुद्धाचा उपदेश ज्या भाषेत जपला गेला ती पाली 'अभिजात' ठरली, याचा आनंद आपल्या वस्तीत आम्हीही साजरा केला. पण जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही असे सांगणाऱ्याच्या उपदेशाची भाषा 'सुकुलीन' म्हणून गौरवली गेली, हा विरोध माझ्या मनातून गेला नाही. दोष देणाऱ्यांचा नाही. आपल्या शब्दकोशात थोरवीसाठी तयार असलेला शब्दच कुळाचा होता.

इंग्रजी समाजातही 'क्लास'चा आजचा सामाजिक अर्थ तसा अलीकडचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे समाजातील पायऱ्या सांगायला दुसरे शब्द वापरीत, आणि त्या शब्दांवर जन्माची छाया होती. कारखाने आले, खेड्यातला माणूस शहरात आला, ज्याच्या बापाला कोणी ओळखत नव्हते तो गिरणीमालक झाला. तेव्हा 'लोअर क्लास', 'मिडल क्लास', 'वर्किंग क्लास' हे प्रयोग रूढ होत गेले. माणसाची जागा जन्मावरून ठरते त्यापेक्षा पैसा आणि उत्पादनातले स्थान यांवरून ठरते, अशी जाणीव त्या शब्दामागे होती. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याने याच शब्दाला इतिहासाची किल्ली बनवले. त्या समाजात वर चढणे सोपे होते असे नाही. पण जिना आहे, असे निदान मानले जात होते.

असा हा शब्द इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला, तो तीन वाटांनी : रेल्वे, कचेरी आणि शाळा. या तिन्ही ठिकाणी त्याचे काय झाले, ते एकेक पाहू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. पुढे रेल्वेचे डबे दर्जावार लागले आणि तिसऱ्या दर्जाच्या डब्यात हिंदुस्थानची बहुसंख्य जनता कोंबली गेली. येथे मोजपट्टी भाड्याची. पैसे भरा आणि वरच्या डब्यात बसा. जात विचारणे तिकीटबाबूचे काम नव्हते. हा फार मोठा बदल होता, हे नाकारता येत नाही. पण आजी सांगायची की आजोबांबरोबर ती मुंबईला थर्ड क्लासने जाई, तेव्हा गाडीने दोन स्टेशने टाकली की शेजारी विचारायचा, "कुठल्या गावचे? कोण लोक?" आजोबा गावाचे नाव सांगायचे आणि दुसऱ्या प्रश्नाला खिडकीबाहेर पाहायचे. न सांगणे हेच सांगणे होई. शेजारचे गाठोडे चार बोटे सरकायचे. तिकीट एका दर्जाचे, भाडे एक, गर्दी एक. तरी त्या बाकावर दुसरा एक दर्जा बसलेला होता.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग लिहून ठेवला आहे. लहानपणी भावंडांसह ते वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. आणि मुले महार आहेत हे कळताच मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊ केले तरी न्यायला तयार होईनात. शेवटी मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, अशी तोड निघाली. 'क्लास' आणि 'कास्ट' यांतला फरक कोणाला शिकवायचा असेल तर या प्रसंगाहून चांगला धडा नाही. क्लासच्या भाषेत दुप्पट पैसे हे वरच्या पायरीचे तिकीट आहे. जातीच्या भाषेत त्या पैशाने बैलगाडीसुद्धा मिळत नाही.

१९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. डब्यावरून शब्द पुसला गेला. तोंडातून गेला नाही. ज्यांनी तिसऱ्या वर्गाचा डबा कधी पाहिलेला नाही अशी मुले आज एकमेकांना 'थर्डक्लास' म्हणतात.

दुसरी वाट कचेरीची. सरकारने नोकरांचे चार वर्ग केले. मोजपट्टी वेतनाची, पात्रतेची आणि जबाबदारीची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. केंद्र सरकारने १९७० च्या दशकातच 'क्लास' हा शब्द काढून 'ग्रुप' हा शब्द घेतला आणि पुढे महाराष्ट्रातही गट अ, ब, क, ड झाले. कागदावर अण्णा निवृत्त झाले ते 'गट ड' म्हणून. पण गावाने, कचेरीने आणि खुद्द अण्णांनीही त्यांना शेवटपर्यंत 'क्लास फोर'च म्हटले. चार वर्ग आणि चौथा सेवा करणारा, ही मांडणी ऐकल्याबरोबर आपल्या माणसाला दुसरे काही आठवावे यात नवल नाही. इंग्रजाने ते चार मनुस्मृती वाचून पाडले होते असा माझा दावा नाही. पण कचेरीत तो आकडा ऐकणाऱ्यांच्या कानांत जुना चार आधीपासून होता.

याच कचेरीच्या आवारात आणखी एक गोष्ट दिसते. नगरपालिकांतून गटारे आणि रस्ते साफ करणारे कामगार पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी त्याच दोन-चार जातींतले आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नेमण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. ती कामगारांच्या हितासाठी आहे, आणि घर चालवायला दुसरा आधार नसलेल्या कुटुंबाला ती किती मोलाची असते हे मी आमच्याच नात्यात पाहिलेले आहे; तिला माझा विरोध नाही. तरी विचारावेसे वाटते : बापाचा झाडू मुलाच्या हाती हक्क म्हणून येतो, तेव्हा त्याला 'क्लास फोर' म्हणायचे की आणखी काही? क्लास वनच्या खुर्चीला वारस लावण्याची मागणी कोणी करीत नाही, कारण त्या खुर्चीवरच्या माणसाच्या मुलापुढे आणखी दहा वाटा उघड्या असतात.

तिसरी वाट शाळेची. परीक्षेतला 'क्लास' आपल्या समाजाला सर्वांत जवळचा, कारण तो कष्टाने मिळवता येतो. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास, पास क्लास. पास क्लासमध्ये उत्तीर्ण झालेल्या मुलाचेही पेढे आमच्या वस्तीत वाटले जात, आणि ते रास्त होते. मोजपट्टी गुणांची, तपासणाऱ्यापुढे नावाऐवजी आसन क्रमांक. जातीला येथे दार बंद असायला हवे. मला एम. ए. ला प्रथम श्रेणी मिळाली. अभिनंदन करताना एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "कॅटेगरीतून असूनही फर्स्ट क्लास! कौतुक आहे." त्यांना खरोखरच कौतुक वाटले होते. पण त्या 'असूनही'ने माझा क्लास माझ्या कास्टच्या खाली नेऊन ठेवला. गुणपत्रिकेवर जे लिहिलेले नव्हते, ते त्यांनी आधी वाचले.

त्यानंतर सहा वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. तेथे 'क्लास'चा आणखी एक अर्थ कळला. क्लास झाला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, संमेलन असेल तर नाही. त्या काळात एकदा अण्णांनी विचारले, "माय, तू आता कितव्या क्लासची झालीस?" त्यांना वाटले होते, मुलगी प्राध्यापक झाली म्हणजे क्लास वन. मी हिशेब केला तेव्हा अण्णांच्या निवृत्तिवेतनापेक्षा माझी वर्षाची कमाई कमी भरली. कोणत्याच क्लासमध्ये नाही, असे उत्तर त्यांना देण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता चळवळीतल्या 'क्लास'कडे येऊ. मराठीत त्याला आपण 'वर्ग' म्हणतो : वर्गसंघर्ष, वर्गजाणीव, कामगारवर्ग. वर्ग की जात, या वादावर आपल्या नियतकालिकांतून भरपूर शाई खर्ची पडली आहे. तो सगळा वाद येथे मांडण्याचे कारण नाही. शब्दापुरते तीन मुद्दे सांगते.

पहिला, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध. वय पंचवीस. त्यांनी जातीची व्याख्या 'क्लास' या शब्दाच्या आधारानेच केली : जात म्हणजे कुंपण घालून बंद केलेला वर्ग. इतर समाजांसारखे येथेही आधी वर्ग होते. पुरोहित वर्गाने जातीबाहेरचे लग्न वर्ज्य करून आपले दार लावून घेतले, काहींनी त्याचे अनुकरण केले, आणि उरलेल्यांना दार बाहेरून लागलेले आढळले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. वर्ग आणि जात यांतला फरक त्यांनी दाराच्या उघडे-बंद असण्यावर ठेवला, आणि ते दार लग्नाचे आहे हेही दाखवले.

दुसरा, कामगार चळवळीचा अनुभव. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. विणखात्यात मजुरी जास्त. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालक एक, भोंगा एक, संप एक. पण 'वर्किंग क्लास'च्या आत एक दार बंद होते आणि ते कामगारानेच धरून ठेवले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून.

तिसरा, अलीकडचा. १९७२ साली दलित पँथर निघाली. १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती व नवबौद्ध यांच्याबरोबर कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही घेतले. जातीचा शब्द वर्गाएवढा रुंद करण्याचा तो प्रयत्न होता. पुढे त्याच प्रश्नावर फूटही पडली. १९७८ मध्ये शरद पाटील यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि वर्ग व जात या दोन्हींच्या अंताची एकत्र मांडणी केली. हे सारे प्रयत्न पुरते यशस्वी झाले नाहीत. पण एका शब्दाने भागत नाही, हे त्यांनी ठामपणे दाखवून दिले.

शेवटी कायद्यातला 'क्लास'. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न खरा येथला आहे.

इंग्रजी अमदानीत आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी काढलेल्या मिशनच्या नावातही हेच शब्द होते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेपुढच्या पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव हीनता दाखवणारे आहे, ते बदलावे, अशी मागणी केली. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला आणि १९३६ मध्ये जातींची यादी झाली. म्हणजे सरकारने आपल्यापुरता 'क्लास' सोडला आणि 'कास्ट' धरला. हे एका अर्थी बरे झाले. दबलेले कोण आणि दाबणारी गोष्ट कोणती, हे शब्दात उघड झाले.

संविधानाच्या १६ व्या कलमात मात्र नोकऱ्यांतील राखीव जागा 'नागरिकांच्या मागासवर्गासाठी' आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सभासदांनी विचारलेच, की हा 'बॅकवर्ड क्लास' म्हणजे कोण? अशा प्रकारे या प्रश्नाचा पहिला मान माझ्या विद्यार्थ्याकडे जात नाही. १९५१ मध्ये चंपकम् दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारची जातवार प्रवेशपद्धती रद्द झाली, कारण केवळ जातीवरून भेद करायला संविधानाने मनाई केली आहे. तेव्हा पहिली घटनादुरुस्ती करून 'सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग' हे शब्द घातले गेले. त्या चर्चेत बाबासाहेबांनी लपवाछपवी केली नाही. हे मागासवर्ग म्हणजे काही जातींचा समूहच आहे, असे त्यांनी संसदेत स्पष्ट सांगितले.

नंतर न्यायालये या शब्दाशी झगडत राहिली. १९६२ मध्ये बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मागासलेपणाची एकमेव किंवा मुख्य कसोटी जात असू शकत नाही. १९६८ मध्ये राजेंद्रन खटल्यात म्हटले की जात हाही नागरिकांचा एक वर्गच आहे. १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मानले की जात हा सामाजिक वर्ग असू शकतो आणि नुसती गरिबी ही मागासवर्गाची कसोटी होऊ शकत नाही. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने १० टक्क्यांपर्यंत राखीव जागा आल्या, त्या 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकां'साठी. येथे शब्द 'क्लास' नाही, 'सेक्शन' आहे. मोजपट्टी उत्पन्नाची सांगितली. पण अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांतल्या गरिबाला त्यातून वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती वैध ठरली. गरीब कोण हे उत्पन्न ठरवील, पण कोणता गरीब हे जन्म ठरवील, असा याचा अर्थ होतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की अनुसूचित जाती हा एकसंध वर्ग नाही आणि राज्यांना त्याचे उपवर्गीकरण करता येईल. या निकालाबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते जाहीरपणे बोलले पाहिजेत. मला एवढेच म्हणायचे आहे की आपल्या आतही कोणाचे दार कोणी धरून ठेवले आहे का, हा प्रश्न न्यायालयाच्या आधी आपण स्वतःला विचारायला हवा होता.

या सगळ्या प्रवासातून मी एक साधी रीत शिकले. 'क्लास' हा शब्द कोठेही भेटला की तीन प्रश्न विचारावेत. येथे मोजपट्टी कशाची आहे? ती कोणाच्या हातात आहे? आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्याचे दार उघडे आहे की बंद? मोजपट्टी पैशाची, गुणांची, कामाची असेल आणि दार उघडे असेल, तर तो वर्ग. मोजपट्टी कोणतीही सांगितली आणि दार जन्माचे असेल, तर ती जात. मग तिच्यावर 'ग्रुप' लिहा, 'कॅटेगरी' लिहा की 'मेरिट' लिहा. कार्यकर्त्यांनी भाषणात, शिक्षकांनी वर्गात आणि विद्यार्थ्यांनी अर्ज भरताना हे तीन प्रश्न जवळ ठेवावेत.

माझ्या विद्यार्थ्याला मी नंतर सांगितले. बी. सी. मधला क्लास म्हणजे ज्या जातींची दारे बाहेरून लावली गेली त्या सगळ्यांचा मिळून केलेला वर्ग. कायद्याने त्याला वर्ग म्हटले, कारण एक दिवस ती दारे उघडतील असे कायदा लिहिणाऱ्यांना वाटत होते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग मी लिहिलेलं अगदीच चूक नव्हतं." मी म्हटले, नव्हते. त्याचे ओळखपत्र तयार झाले आहे. त्यावर क्लास : बी. ए. प्रथम वर्ष, असे छापलेले आहे. परवा त्याने पहिले पुस्तक नेले. ग्रंथालयाच्या नोंदवहीत सही करताना त्याला कोणी 'कोण लोक?' असे विचारले नाही. तेवढा वेळ तरी तो शब्द आपल्या मूळच्या मराठी अर्थाने, कवर्ग-चवर्गासारखा, सारख्यांचा वर्ग होता.